स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (जन्म : ८ सप्टेंबर १८१७, डन्स, स्कॉटलंड, मृत्यू : ४ सप्टेंबर १८६३, टाकळघाटजवळ, नागपूर जिल्हा) हे स्कॉटिश ख्रिस्ती धर्मप्रचारक, शिक्षक, भूवैज्ञानिक आणि आदिवासी समाजाचे अभ्यासक होते. विदर्भाच्या भूशास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. नागपूरजवळच्या टाकळी येथील हिरव्या रंगाच्या कॅल्साइटला त्यांच्या नावावरून हिस्लोपाइट हे नाव मिळाले. नागपूर, वर्धा, चांदा (आताचा चंद्रपूर व गडचिरोली) आणि प्राणहितेच्या खोऱ्यातील खडक, खनिजे व जीवाश्म यांची माहिती जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ ओळखले जाते.

प्रारंभिक जीवन

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडच्या बेरिकशर परगण्यातील डन्स या लहान गावी झाला. त्यांचे वडील गवंडी होते व तेथील चर्चच्या कारभारातही त्यांचा सहभाग असे. धार्मिक विषयांवर लेखन करणारे अलेक्झांडर हिस्लॉप हे स्टीफन यांचे थोरले बंधू होत. गावच्या शाळेत शिक्षण झाल्यावर स्टीफन यांनी एडिंबरा व ग्लासगो येथील विद्यापीठांत उच्च शिक्षण घेतले. निसर्गशास्त्राची, विशेषतः खडक व जीवाश्म यांची आवड त्यांना तरुणपणीच लागली.

१८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. हिस्लॉप या नव्या संस्थेत सामील झाले. याच सुमारास मध्य भारतात नवे केंद्र उघडावे म्हणून मद्रास सैन्यातील एका अधिकाऱ्याने या संस्थेला मोठी देणगी देऊ केली होती. त्या केंद्रासाठी हिस्लॉप यांची निवड झाली. १८४४ च्या अखेरीस ते पत्नी इरॅस्मा यांच्यासह मुंबईस पोहोचले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास आले.

नागपूरमधील कार्य

त्या वेळी नागपूर ही भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी होती. जवळच कामठी येथे इंग्रजांची मोठी छावणी होती. हिस्लॉप यांनी प्रथम मराठीचा अभ्यास केला. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे हा त्यांचा आग्रह होता. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. धर्मप्रचाराचा हेतू उघड असल्यामुळे या शाळेकडे पाहण्याची लोकांची दृष्टी संमिश्र होती, तरीही इंग्रजी व नव्या विद्येच्या ओढीने विद्यार्थी तेथे येत राहिले.

रॉबर्ट हंटर (१८२३–१८९७) हे सहकारी लवकरच त्यांना येऊन मिळाले. हंटर यांनाही निसर्गशास्त्राची आवड होती. पुढे प्रकृतीच्या कारणाने ते मायदेशी परतले व तेथे एका मोठ्या ज्ञानकोशात्मक इंग्रजी शब्दकोशाचे संपादक म्हणून प्रसिद्ध झाले. नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील पहिला मोठा निबंध या दोघांनी मिळून लिहिला.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निधन पावले व पुढील वर्षी संस्थान खालसा झाले. राज्य बदलत असताना हिस्लॉप मात्र त्याच शहरात राहिले. शाळेचे काम सांभाळून उरलेल्या वेळात, मुख्यतः हिवाळ्यातील फिरतीच्या दिवसांत, त्यांनी आपले संशोधन केले. भूशास्त्र हा त्यांचा व्यवसाय नव्हता आणि त्यासाठी त्यांना कोणतेही शासकीय पद नव्हते, ही गोष्ट त्यांच्या कार्याचे मोल ठरवताना ध्यानात घ्यावी लागते.

टाकळीचा शोध

नागपूर शहर दोन निरनिराळ्या भूशास्त्रीय प्रदेशांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट पसरलेला आहे, तर पूर्वेस व दक्षिणेस पुरातन पट्टिताश्म आणि त्यांवर साचलेले वालुकाश्म आढळतात. सीताबर्डीची टेकडी हे बेसाल्टचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. बेसाल्टच्या या थरांना ट्रॅप असे म्हणतात. लाव्हाच्या एका प्रवाहानंतर दुसरा प्रवाह येईपर्यंत काही काळ जाई. त्या अवधीत सखल जागी तळी साचत, त्यांत गाळ जमे आणि वनस्पती व प्राणी वस्ती करीत. पुढच्या प्रवाहाखाली तो गाळ गाडला जाई. अशा थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात.

हिस्लॉप यांच्यापूर्वी व्हॉयसी व माल्कमसन यांनी दख्खनच्या ट्रॅपमधील गोड्या पाण्यातील शंखांची नोंद केली होती. हिस्लॉप व हंटर यांनी १८५० नंतरच्या वर्षांत नागपूरच्या वायव्येस असलेल्या टाकळी या गावाजवळ (हा भाग आता शहरात सामावला आहे) असाच एक थर शोधून बारकाईने तपासला. त्यात गोड्या पाण्यातील शंख, वनस्पतींची फळे व बिया, लाकडाचे अश्मीभूत तुकडे, सूक्ष्म कवचधारी प्राणी आणि भुंगेऱ्यांसारख्या कीटकांचे अवशेष सापडले. फायसा प्रिन्सेपाय या शंखाच्या जातीमुळे हा थर दूरच्या ठिकाणच्या तशाच थरांशी जुळवता आला.

या संशोधनावर आधारित निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे सादर झाला आणि १८५५ मध्ये तिच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूर परिसरातील निरनिराळ्या खडकांचा क्रम, त्यांचा विस्तार आणि त्यांतील जीवाश्म यांचे एकत्रित वर्णन त्यात आहे. अंतरा-ट्रॅपी थरांवरील हिस्लॉप यांचा स्वतंत्र निबंध १८६० मध्ये त्याच नियतकालिकात आला.

हिस्लोपाइट

टाकळीच्या परिसरातच बेसाल्टमध्ये हिस्लॉप यांना गवतासारख्या हिरव्या रंगाचे एक खनिज मिळाले. लाव्हा थिजताना त्यातील वायूंच्या बुडबुड्यांमुळे बेसाल्टमध्ये पोकळ्या राहतात. पुढे झिरपणाऱ्या पाण्याबरोबर आलेली द्रव्ये त्यांत साचून गारगोटी, अकीक, झिओलाइट वर्गातील खनिजे व कॅल्साइट तयार होतात. महाराष्ट्रात अशी खनिजे अनेक ठिकाणी आढळतात. ती बहुधा रंगहीन, पांढरी किंवा फिकट असतात. त्यामुळे हिरव्या रंगाचा, सहज फुटून सपाट पृष्ठे देणारा कॅल्साइट लक्ष वेधून घेणारा होता.

अशा खनिजाची ओळख केवळ रंगावरून पटवणे धोक्याचे असते. ट्रॅपच्या पोकळ्यांत हिरव्या रंगाचे पदार्थ अनेक आहेत. पोकळीच्या आतील बाजूस बसलेला मातीसारखा हिरवा लेप, हिरवट अकीक आणि हिरवा ॲपोफिलाइट हे सर्व एकाच परिसरात मिळू शकतात. म्हणून क्षेत्रात काम करणारा अभ्यासक एकामागून एक कसोट्या लावतो. पहिली कसोटी कठिनतेची. अकीक व गारगोटी यांची कठिनता ७ च्या आसपास असल्याने चाकूने त्यांवर ओरखडा उमटत नाही. कॅल्साइटची कठिनता ३ असल्याने त्यावर चाकूचा ओरखडा सहज उमटतो, मात्र नखाचा उमटत नाही. दुसरी कसोटी पाटनाची, म्हणजे खनिज ठरावीक दिशांनीच फुटण्याच्या गुणाची. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतो व त्याचे तुकडे तिरप्या पेटीसारखे होतात. त्यांच्या कडांशी सुमारे ७५ व १०५ अंशांचे कोन दिसतात. ॲपोफिलाइट मुख्यतः एकाच दिशेने पत्र्यासारखा सुटतो, तर गारगोटीला पाटन नसते व ती शिंपल्याच्या आकाराच्या वक्र पृष्ठांनी फुटते. तिसरी कसोटी आम्लाची. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइटवर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उसळतात. गारगोटी व अकीक यांवर असा परिणाम होत नाही.

हिस्लोपाइटच्या बाबतीत या कसोट्यांचे उत्तर कॅल्साइटकडे बोट दाखवते. शुद्ध कॅल्साइट आम्लात संपूर्ण विरघळतो. येथे मात्र कॅल्साइटचा भाग विरघळून गेल्यावर सिलिकायुक्त हिरवा अवशेष मागे राहतो. म्हणजे रंग कॅल्साइटचा नसून त्यात मिसळलेल्या दुसऱ्या पदार्थाचा आहे. क्षेत्रातील निरीक्षण येथवर नेऊ शकते. त्या अवशेषाचे घटक कोणते व किती, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेतील पृथक्करण आवश्यक असते.

तशी सोय त्या काळी नागपुरात नव्हती. नमुने समुद्रमार्गे युरोपास धाडावे लागत. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी या प्रवासास फार वेळ लागे. अशा परिस्थितीत नमुना कोणत्या गावाजवळ व कोणत्या खडकात मिळाला याची नोंद हरवली, तर पृथक्करण अचूक असूनही त्याचा उपयोग मर्यादित राहतो. संग्राहकाची नोंद ही नमुन्याइतकीच महत्त्वाची ठरते ती यामुळेच.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील भूशास्त्राचे प्राध्यापक सॅम्युएल हॉटन यांनी नागपूरच्या या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करण केले. १८५९ मध्ये त्यांनी हिरव्या कॅल्साइटला हिस्लोपाइट हे नाव दिले. नागपूर परिसरातीलच मातीसारख्या एका जलयुक्त ॲल्युमिनियम सिलिकेटाला त्यांनी हंटराइट असे नाव दिले. अशा रीतीने एकत्र काम करणाऱ्या दोन्ही मित्रांची नावे खनिजशास्त्रात शेजारी शेजारी नोंदली गेली.

हिस्लोपाइटला स्वतंत्र खनिजाचे स्थान मात्र टिकवता आले नाही. ते ग्लॉकोनाइट या लोहयुक्त हिरव्या सिलिकेटाच्या मिश्रणाने रंगलेले कॅल्साइट आहे, असे मत रूढ झाले. स्वतंत्र खनिज ठरण्यासाठी ठरावीक रासायनिक संघटन व ठरावीक स्फटिकरचना असावी लागते. दोन खनिजांच्या मिश्रणाला ही अट लागू पडत नाही. त्यामुळे खनिजांच्या आधुनिक यादीत हिस्लोपाइट हा कॅल्साइटचा एक प्रकार मानला जातो. हंटराइट हे नावही आज स्वतंत्र खनिजाचे नाव म्हणून वापरात नाही. तरीही टाकळीच्या या नमुन्यामुळे ट्रॅपमधील पोकळ्या कशा भरत गेल्या याचा एक पुरावा अभ्यासकांना मिळाला, कारण हिरवे द्रव्य कॅल्साइटच्या आत अडकलेले असणे म्हणजे त्या पोकळीत दोन्ही द्रव्यांचा सहवास घडला होता असा त्याचा अर्थ होतो.

चांदा व प्राणहितेचे खोरे

नागपूरच्या दक्षिणेकडील वर्धा, वैनगंगा व प्राणहिता यांच्या खोऱ्यांकडे हिस्लॉप यांचे विशेष लक्ष होते. वैनगंगा नदी आजच्या गोंडपिपरी तालुक्याच्या पूर्वेकडून वाहते आणि त्याच परिसरात तिचा वर्धा नदीशी संगम होऊन प्राणहिता सुरू होते. प्राणहिता पुढे सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. हा सर्व प्रदेश तेव्हा दाट जंगलाचा होता. तेथील खनिजसंपत्ती मात्र अपरिचित नव्हती. वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख अकबराच्या काळातील ऐन-इ-अकबरी या ग्रंथात आहे, तर लोहारा येथील लोहखनिज स्थानिक कारागीर पूर्वापार वापरीत आले होते. या जमिनीखालच्या थरांचा क्रम व त्यांचे वय यांविषयीची शास्त्रीय माहिती मात्र तुटपुंजी होती.

नागपूरपासून दक्षिणेस सुमारे ६० मैलांवरील मांगली येथील वालुकाश्मात एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. इंग्लंडमधील नामवंत शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन करून तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. त्याच थरातील एका सूक्ष्म कवचधारी प्राण्यास रूपर्ट जोन्स यांनी मांगलीच्या नावावरून नाव दिले.

सिरोंचाजवळच्या कोटा येथील चुनखडकात मिळालेले माशांचे जीवाश्म हिस्लॉप यांच्यापूर्वीच युरोपास पोहोचले होते. कोटाच्या पश्चिमेस, तेव्हाच्या निजामाच्या हद्दीत असलेल्या मालेरी येथील लाल मातीत माशांचे दात व सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे मिळाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये तेथील सेरॅटोडस या फुप्फुसमाशाच्या दातांचे वर्णन केले. त्यातील दोन जातींना त्यांनी हिस्लॉप व हंटर यांची नावे दिली. मालेरी येथील एका डायनोसॉरच्या अवशेषांना पुढे १८९० मध्ये लायडेकर यांनी हिस्लॉप यांच्याच नावावरून जातिनाम दिले.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथेही हिस्लॉप यांना मोठ्या प्राण्यांची हाडे मिळाली. पिसदुरा हे पुढे डायनोसॉरच्या अवशेषांसाठी आणि अश्मीभूत विष्ठेसाठी जगप्रसिद्ध झाले. २००५ मध्ये या विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले आणि डायनोसॉरच्या काळात गवत अस्तित्वात होते याचा पुरावा त्यातून मिळाला.

थरांच्या वयाचा प्रश्न

हिस्लॉप यांच्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न थरांच्या वयाचा होता. कामठीजवळच्या सिलेवाडा येथील वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस व इतर वनस्पतींच्या पानांचे सुबक ठसे मिळाले. बनबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने या संग्रहाचे वर्णन १८६१ मध्ये प्रसिद्ध केले. उमरेठ (छिंदवाडा भाग) येथील कोळशाच्या थरांतही अशाच वनस्पती आढळत असल्याचे हिस्लॉप यांनी दाखवले आणि हे दोन्ही थर एकाच काळातील असून बंगालमधील बर्दवानच्या कोळशाशी त्यांचा संबंध आहे, असे मांडले.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. रेल्वेचे जाळे पसरू लागले होते व कोळसा कोठे मिळेल हे थरांच्या क्रमावरून ठरवावे लागे. नागपूरच्या वालुकाश्माचा आणि कोळशाचा काळ एकच असेल, तर दक्षिणेकडे वर्धेच्या खोऱ्यात तेच वालुकाश्म जेथे दिसतात तेथेही कोळसा मिळण्याची शक्यता होती. पुढे वरोरा, चंद्रपूर व बल्लारपूर या भागांत कोळशाचे साठे आढळले व खाणी सुरू झाल्या. वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचा सविस्तर अहवाल ह्यूज यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केला.

थरांच्या प्रत्यक्ष वयाबाबत त्या काळातील अनुमाने पुढे बदलली. यूरोपातील वनस्पतींशी तुलना करून भारतातील हे थर जुरासिक काळाकडे ओढले जात. आज ग्लॉसोप्टेरिस असलेले कोळशाचे थर त्याहून बरेच जुने, पर्मियन काळातील मानले जातात. अंतरा-ट्रॅपी थर हिस्लॉप यांनी तृतीयक काळातील मानले होते. आता नागपूर परिसरातील हे थर क्रिटेशस काळाच्या अखेरच्या टप्प्याशी जोडले जातात. कालनिर्णय बदलला तरी त्यांनी लावलेला थरांचा परस्परसंबंध आणि जमवलेले जीवाश्म पुढील अभ्यासकांना उपयोगी पडले. कोळसाधारी थरांना १८७२ मध्ये मेडलिकॉट यांनी गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवना हे नाव दिले. दक्षिण गोलार्धातील खंडांच्या प्राचीन भूभागाचे गोंडवनभूमी हे नाव त्यातूनच पुढे आले.

आदिवासी समाजाचा अभ्यास

जंगल प्रदेशातील फिरतीत हिस्लॉप यांचा गोंड, कोरकू व इतर समाजांशी संबंध आला. त्यांनी गोंडी भाषेतील शब्दांचा संग्रह केला, तसेच चालीरीती व श्रद्धा यांची टिपणे लिहिली. परधान गायकाकडून ऐकलेली लिंगोची दीर्घ गोंडी गाथा त्यांनी लिहून घेतली. गोंडांच्या उत्पत्तीची व कुळांच्या व्यवस्थेची कथा सांगणारे हे मौखिक काव्य त्यामुळे लिखित रूपात टिकले. त्यांची ही टिपणे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकली नाहीत. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये नागपूर येथे छापली. प्रचारकाच्या व तत्कालीन युरोपीय विद्वानांच्या दृष्टीची छाप या लेखनावर आहे, त्यामुळे आजचे अभ्यासक त्यांतील निष्कर्षांपेक्षा मूळ संहितेला अधिक महत्त्व देतात.

मृत्यू

हिस्लॉप यांना प्राचीन शिळावर्तुळांतही रस होता. नागपूरच्या परिसरात महापाषाणयुगीन दफनांची अशी वर्तुळे अनेक ठिकाणी आहेत. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट येथील वर्तुळे पाहण्यासाठी ते टेंपल यांच्यासमवेत गेले होते. ४ सप्टेंबर रोजी बोरी येथील शाळा तपासून टेंपल यांच्या तळाकडे घोड्यावरून परतत असता पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा चार दिवस उरले होते. मध्य भारतातील सरीसृपांच्या दात व हाडांवरील त्यांचे लेखन मृत्यूनंतर १८६४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वारसा

हिस्लॉप यांच्या शाळेतून पुढे महाविद्यालय उभे राहिले व १८८३ मध्ये ते हिस्लॉप कॉलेज म्हणून सुरू झाले. नागपूर विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी चार दशके या संस्थेने मध्य प्रांतात उच्च शिक्षण दिले. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले हिस्लॉप यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीस कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लोपिया असे नाव दिले. हे नाव आजही प्रचलित आहे.

स्वतः नामकरण करण्यापेक्षा नमुना अचूक नोंदीसह योग्य तज्ज्ञाकडे पोहोचवणे ही हिस्लॉप यांची पद्धत होती. मासे, उभयचर, वनस्पती, कीटक आणि खनिजे यांचे त्यांचे नमुने निरनिराळ्या तज्ज्ञांनी तपासले. त्यामुळे त्यांच्या संग्रहावर आधारलेले बरेच संशोधन इतरांच्या नावे आहे. टाकळी, सिलेवाडा, मांगली व पिसदुरा ही विदर्भातील साधी गावे पुराजीवशास्त्राच्या ग्रंथांत आली, ती या नोंदींमुळे. नागपूर शहर वाढत गेल्याने टाकळीचा मूळ थर आज बराचसा वस्तीखाली गेला आहे. तेथे काय होते हे जाणण्यासाठी हिस्लॉप यांची वर्णने व त्यांनी जमवलेले नमुने हाच मुख्य आधार उरला आहे.